आमच्या दाजींचा वेग

आमच्या दाजींइतका संथ माणूस अख्ख्या उमरगा तालुक्यात सापडायचा नाही, आणि वेग या विषयावर दाजींइतकं बोलणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात सापडायचा नाही. मी बँकेत नोकरी करतो, त्यामुळे संथपणा मला नवा नाही. पण दाजींचा संथपणा वेगळ्याच जातीचा आहे. त्यांच्यापुढं चहा ठेवला तर ते आधी कपाकडे बघतात, मग बशीकडे बघतात, मग पावडर कुठली याची चौकशी करतात, आणि चहा ओठाला लागेपर्यंत त्याचं सरबत झालेलं असतं. मुरुमच्या बाजारपेठेत त्यांचं खत-बियाण्याचं दुकान आहे. पाऊस झाला की शेतकरी सोयाबीनची पिशवी न्यायला धावत येतो आणि दाजी त्याला पंख्याखाली बसवून उगवणक्षमतेपासून सुरुवात करतात. "मालक, पेरणीचा वाफसा जाईल की वो," असं तो काकुळतीला येऊन म्हणाला की दाजी म्हणतात, "गडबड करून उगवत असतंय व्हय?" तरीही गिऱ्हाईक तुटत नाही, कारण दाजींनी आजवर कुणाला खोटं बियाणं दिलेलं नाही. जाणती गिऱ्हाइकं आभाळ भरून यायच्या आधीच येऊन बसतात, एवढंच.

माझ्या ताईशी त्यांचं लग्न झालं तेव्हा मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंतचं अंतर कापायला त्यांनी इतका वेळ घेतला की मांडवात अक्षता वाटून झाल्या होत्या, त्या पोरांनी एकमेकांना मारून संपवल्या होत्या आणि पुन्हा वाटाव्या लागल्या. घोडं चांगलं तरणं होतं, पण दाजी वर बसल्यावर तेही विचारात पडलं. पुढं ताईच्या घरी रीतच पडून गेली. कुठं गावाला जायचं झालं की दाजी आपल्या चालीनं स्टँडकडे निघायचे आणि त्यांची एकुलती एक मुलगी आशू, म्हणजे माझी भाची, पुढं पळत जायची. एक पाय बसच्या पायरीवर आणि एक जमिनीवर ठेवून ती कंडक्टरशी हुज्जत घालायची. "अप्पा यायलेत, ते बघा, दिसाया लागलेत," असं ती सांगायची. दाजी दिसायला लागल्यापासून पोचेपर्यंत कंडक्टरची सगळी तिकिटं फाडून व्हायची. ही पोरगी एक दिवस पळण्यासाठी नावाजली जाईल असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं, पण आता विचार केला तर वाटतं, पाया दाजींनीच घातला, स्वतः एक पाऊल न पळता.

दाजींच्या या चालीला एक कारण आहे, आणि ते सांगितलं नाही तर त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांच्या घराकडे खंडोबाच्या काठीचा मान आहे. दोन मजली घराइतका उंच वेळू, वर निशाण, मोरपिसांचा कुंचा. बूड कमरेच्या चामडी पट्ट्यात बसवायचं आणि ती काठी उभीच्या उभी तोलत पौषात नळदुर्गाच्या यात्रेला पायी न्यायची. घरातून निघाल्यापासून देवळात पोचेपर्यंत काठी भुईला लागता कामा नये, असा त्यांच्या भावकीचा दंडक. वाटेत थांबायचं झालं तर मागून चालणारा घोंगडीवाला पुढं येऊन घोंगडी अंथरतो, मगच काठी टेकते. असली काठी घेऊन कुणी पळत नसतं. पाऊल मोजून टाकावं लागतं, नजर वर ठेवावी लागते, आणि वारं आलं तर वाऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं. दाजींनी मिसरूड फुटल्यापासून काठी धरली, त्यामुळे ते रिकाम्या हातानं भाजी आणायला निघाले तरी कमरेला काठी असल्यासारखेच निघतात. त्यांना मुलगा नाही. त्यांच्यामागं मान भावकीत दुसऱ्या घरी जाणार हे सगळे धरून चालले होते, पण दाजींनी गुपचूप आशूला अंगणात बांबू घेऊन तोल शिकवायला सुरुवात केली. कुणी नाक मुरडलं की म्हणायचे, "काठीला कळतंय व्हय, धरणारं पोरगं हाय का पोरगी?"

बारावीनंतर आशू कॉलेजसाठी धाराशिवला आमच्याकडे राहायला आली. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाच्या मांडवासाठी बांबू आणले होते आणि ते जिन्यातून गच्चीवर न्यायचे होते. चार-चार मुलं एका बांबूला लटकून भिंतीचे पोपडे पाडत होती. आशूनं एक लांबलचक बांबू उचलला, उभा धरला, आणि गर्दीतून, जिन्याच्या वळणातून, कुणाच्या केसालाही धक्का न लावता वर नेला. खेळाचे सर खाली उभे होते. त्यांच्याकडे पळणारी पोरं होती, उड्या मारणारी होती, पण काठी घेऊन सरळ चालणारं एक माणूस त्यांना मिळत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आशू जिल्ह्याच्या मैदानावर पोल व्हॉल्ट शिकू लागली.

हा खेळ मी तोवर फक्त टीव्हीवर पाहिला होता. लांब फायबरची काठी घेऊन जिवाच्या आकांतानं पळत यायचं, तिचं पुढचं टोक जमिनीत बसवलेल्या पत्र्याच्या पेटीत रोवायचं, मग काठी वाकते आणि सरळ होताना माणसाला आडव्या दांडीवरून पलीकडच्या गादीवर नेऊन टाकते. सगळा खेळ वेगावर. जेवढं जोरात पळाल तेवढी काठी वाकणार, आणि जेवढी वाकली तेवढं वर जाणार. आशूला हे असं काही आवडलं की ती जेवताना, अभ्यास करताना, माझ्या बायकोला पोळ्या लाटू लागताना त्याचंच बोलायची. "मामा, वर गेल्यावर एक टायमाला काहीच वजन नसतंय अंगाला," असं ती मला एकदा म्हणाली, आणि बोलता बोलता लाटणं हातात उभं धरून छताकडे बघत राहिली. ते ऐकून मलाही वर जावंसं वाटलं, मग माझं पोट आठवलं.

सरांनी दाजींना फोनवर एकच वाक्य सांगितलं होतं, "मुलगी चांगली आहे, फक्त वेग वाढला पाहिजे." हे वाक्य दाजींच्या डोक्यात गेलं ते गेलंच. त्यानंतर दर रविवारी ते मुरुमहून धाराशिवला येऊ लागले. पिशवीत शेंगा, गूळ, करडईचं तेल आणि डोक्यात वेगाचे नवे विचार. पहिला विचार आहाराचा. "भाकरी पोटात बसती, चपाती पळती," असं जाहीर करून त्यांनी आशूची रात्रीची भाकरी बंद केली आणि तिच्या वाटणीची स्वतः खाल्ली. दुसरा विचार निरीक्षणाचा. वेग शिकायचा तर ससा बघितला पाहिजे म्हणून ते तिला आणि मला गावाबाहेरच्या तुरीच्या रानात घेऊन गेले, बांधावर उकिडवे बसले, बोलू नका म्हणून खूण केली आणि थोड्या वेळात घोरू लागले. त्या घोरण्यानं ससे असतील नसतील तेवढे दुसऱ्या शिवारात गेले असणार. तिसरा विचार घड्याळाचा. त्यांनी गळ्यात अडकवायचं स्टॉप वॉच विकत आणलं. पण दाजींचा अंगठा त्यांच्या पायांच्याच घराण्यातला. आशू निम्मी धावपट्टी कापायची तेव्हा कुठं त्यांचं घड्याळ सुरू करायचं बटण दाबलं जायचं. त्यामुळे दाजींच्या घड्याळात ती दर रविवारी जगातल्या सगळ्या बायकांना मागं टाकत होती, आणि सरांच्या घड्याळात होती तिथंच होती. "तुमचं घड्याळ मंद हाय, सर," असं दाजींनी त्यांना एकदा समजुतीच्या सुरात सांगितलं. सर भले गृहस्थ, त्यांनी नुसता घाम पुसला.

गंमत अशी होती की काठीशिवाय आशू झकास पळायची. बसमागं पळून तयार झालेले पाय ते. काठी घेऊनही निम्म्या वाटेपर्यंत सुसाट यायची. पण पेटी जवळ आली, काठीचं वर धरलेलं टोक खाली आणायची वेळ आली, की कुणीतरी ब्रेक दाबल्यासारखी मंदावायची. काठी धड वाकायची नाही आणि आशू दांडीच्या अलीकडेच लोंबकळून खाली यायची. सरांनी टायर ओढायला लावलं, चढावर पळवलं, पायऱ्या चढवल्या. दाजींनी पायांना करडईचं तेल चोळायला लावलं. पाय तुकतुकीत झाले, वेग होता तेवढाच राहिला. शेवटी सरांनी स्पष्ट सांगितलं. लातूरला विभागीय निवड चाचणी होती. तोवर सुधारणा झाली नाही तर तिच्या वजनाला चालणारी एकुलती एक काठी दुसऱ्या मुलीला द्यायची आणि आशूनं भालाफेकीकडे जायचं. "खांदा चांगला आहे तिचा, भाल्यात नाव काढील," असंही ते म्हणाले, म्हणजे गोड करूनच सांगितलं. आशू घरी येऊन माझ्या बायकोच्या मांडीत डोकं खुपसून रडली. तिला उडीच हवी होती. दाजींना तर भाल्याची कल्पनाच झेपेना. "भाला म्हंजे काठी फिकूनच द्यायची की," ते मला म्हणाले. "आमच्या घरात असलं कुणी केलेलं न्हाय, पाव्हणं." त्या दिवशी त्यांनी चहा गरम असतानाच पिऊन टाकला, त्यावरून मला त्यांच्या मनाची अवस्था कळली.

चाचणीच्या आधीच्या रविवारी ताईही आली. तिला मैदानाचं काही कौतुक नव्हतं. पोरगी रडते असं ऐकून ती आली होती. मैदानाच्या पायऱ्यांवर बसून तिनं पिशवीतून मेथीची जुडी काढली आणि निवडायला लागली. दाजी घड्याळ घेऊन धावपट्टीच्या कडेला उभे. आशू पळाली, मंदावली, गादीच्या कडेवर पडली. पण पडता पडताही तिनं हात लांबवून खाली कलंडणारी काठी वरच्यावर झेलली. असं ती नेहमीच करायची. काठीची एवढी काळजी घेणारी मुलगी आपण पाहिली नाही असं सर कौतुकानं म्हणत. ताईच्या हातातली मेथी मात्र थांबली. पुन्हा एकदा आशू पळाली, पुन्हा तेच. ताईनं हाक मारली, "अवं, हिकडं या." दाजी येईपर्यंत आशूची आणखी एक उडी झाली. मग ताई म्हणाली, "तिचे पाय ठीक हायत. पोरीचा हात भितोय. काठी खाली टेकवायला भितीय ती."

दाजींनी आशूला बोलावलं. ती खाली मान घालून उभी राहिली. "व्हय, अप्पा," ती म्हणाली. "टोक खाली न्यायला लागले की पायच पडंना गेलेत. सर म्हणतेत आपट, पण लहानपणापासनं तुमीच सांगितलंय, काठी भुईला लागू द्यायची न्हाय म्हणून. मला कळतंय ही खेळाची काठी हाय. हाताला कळंना, त्याला म्या काय करू?"

इतके दिवस आपण घड्याळ, तेल, ससा करत फिरलो आणि खोडा आपणच घातलेला होता, हे दाजींच्या चेहऱ्यावर सावकाश उमटत गेलं. अंगणातला तो बांबू, "टेकली तर देव रुसंल" म्हणून दिलेला दम, सगळं त्यांना आठवत असणार. आणि खरं सांगायचं तर त्या दमात त्यांचा जीव होता. पोरीच्या हातातून काठी कधी खाली जात नाही ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात अभिमानाची गोष्ट होती. त्यांनी गळ्यातलं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं, चपला काढल्या, आणि आशूच्या हातातली काठी घेऊन धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला चालत गेले. जायला त्यांनी नेहमीसारखाच वेळ घेतला. सर मला म्हणाले, "काय करणार आहेत?" मी म्हटलं, "काही सांगता येत नाही."

आणि दाजी पळाले. ताईच्या हातून मेथी सांडली. सदऱ्याच्या खिशातलं पाकीट, पेन, चष्म्याचं घर, सगळं वाटेत उधळत, पोट एका दिशेला आणि पाय दुसऱ्या दिशेला अशा बेतानं, पण खरोखरीचे पळत आमचे दाजी त्या पेटीपर्यंत आले आणि त्यांनी काठीचं टोक असं काही आदळलं की मैदानावरची पोरं जागच्या जागी थांबली. काठी काही वाकली नाही. दाजीच वाकले आणि बसकण मारून खाली बसले. सगळं मैदान हसलं, आशू तोंडावर हात ठेवून हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दाजी धापा टाकत, बसल्या जागेवरून तिला म्हणाले, "बघ. काय झालं? कोण रुसलं? देवाची काठी आपुन मिरवायची असती, माय. ही काठी तुला वर न्यायसाठी हाय. हिला भुई लागती. आपट बिनधास्त." मग त्यांनी तिच्याकडून ती आपटून घेतली. पळायचं नाही, उडायचं नाही, नुसतं चालत यायचं आणि आपटायचं. ऊन डोक्यावर येईपर्यंत बाप आणि लेक आळीपाळीनं काठी आपटत होते, आणि सर लांबून काठीची काळजी करत होते.

लातूरला चाचणीच्या दिवशी दाजी धावपट्टीकडे पाठ करून उभे राहिले. बघवणार नाही म्हणाले. आशूच्या पायांचा आवाज आला, जवळ आला, आणि पेटीत पत्र्याचा खणखणीत ठोका वाजला. "टेकली?" दाजींनी मला विचारलं. मी म्हटलं, "टेकली, दाजी. वर गेली बघा." ते वळले, पण त्यांच्या वळण्याच्या हिशेबानं आशू दांडीवरून जाऊन गादीवर पडून उठूनही बसली होती. आपल्या लेकीची ती उडी त्यांनी पाहिलीच नाही. मला हळहळ वाटली, त्यांना वाटली नाही. "आवाज ऐकला न्हवं," एवढंच म्हणाले. आशूची निवड झाली आणि ती पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात राहायला गेली. दाजींचे रविवार रिकामे झाले. तरी ते कधीमधी आमच्याकडे येऊन बसत, शेंगा फोडत, आणि माझ्या चालण्यात वेग कसा नाही हे मला समजावून सांगत.

यंदा पौषात आशू एका दिवसाची सुट्टी काढून यात्रेला आली. भावकीनं थोडी कुरकुर केली, पण गावाच्या वेशीपासून हमरस्त्यापर्यंत काठी तिच्या कमरेला द्यायला शेवटी सगळे कबूल झाले. पुण्यात तिचे खांदे भरले होते. काठी तिनं अशी तोलली की निशाण हललं तेवढंच. पुढं हलगी, मागं माणसं, भंडाऱ्यानं पिवळी झालेली वाट. दाजी बाजूनं चालत होते आणि वर बघत होते. हमरस्त्यावर चहाच्या हॉटेलापाशी सगळे थांबले. आशू कुणाशी तरी हसून बोलत होती. बोलता बोलता तिनं पट्ट्यातून काठी काढली आणि सहज, सराईत हातानं, घोंगडीवाल्याची वाट न बघता, डांबरावर टेकवली. ठोका वाजला तशी हलगी थांबली. तिच्या लक्षात आलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "अप्पा, चुकलं," ती हळूच म्हणाली.

दाजी आपल्या चालीनं तिच्यापाशी आले. काठी हातात घेतली, उपरण्याच्या टोकानं तिचं बूड पुसलं आणि म्हणाले, "चुकलं न्हाय, माय. म्याच शिकवलंय ते." भावकीतले एक म्हातारे चुलते जवळच उभे होते. त्यांनी काही म्हणायच्या आत दाजी त्यांच्याकडे वळून म्हणाले, "काका, पुढल्या साली तुमच्या नातवाला पाठवा अंगणात. माझ्यामागं काठी त्यानंच धरायची. शिकवीन म्या." चुलत्यांनी मान हलवली. दाजींचा आवाज नेहमीसारखाच होता, पण आशूचा पट्टा आपल्या कमरेला बांधून त्यात काठी बसवताना त्यांचा हात एकदा चुकला, ते मी पाहिलं, आणि मला फार वाईट वाटलं. मग हलगी वाजायला लागली. आशूनं घोंगडीवाल्याकडून घोंगडी मागून घेतली, स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि दाजींच्या मागं चालू लागली, ते टाकतील तिथंच पाऊल टाकत, नळदुर्गापर्यंत. जन्मभर त्यांच्या पुढं पळालेल्या त्या पोरीला इतकं हळू चालताना मी पहिल्यांदाच बघितलं.